काळी चार, पांढरी पाच

कुठल्याही गवयाला विचारा, "तुमची पट्टी कोणती?" उत्तर येईल, "काळी एक", "काळी चार", नाहीतर "पांढरी पाच". भजनात बसणाऱ्या आमच्याकडच्या शेतकऱ्यालाही आपली पट्टी माहीत असते. आता गंमत बघा. यातलाच एखादा जाणकार दोन मिनिटांनी तुम्हाला ऐकवेल की पेटी हे काही आपलं वाद्य नव्हे, पेटीत श्रुती नाहीत, मींड नाही, खरं गाणं तानपुऱ्यावर. बरं, तो तानपुरा लावायचा कशात? काळी एकमध्ये! म्हणजे पेटीला नाकं मुरडणाऱ्याचा षड्जसुद्धा पेटीच्याच पट्टीवर बसलेला असतो.

ही पट्टी आपल्याकडे आली कुठून, हा आजचा विषय. आणि तिच्या निमित्ताने तिच्या एका लांबच्या भावाचा, म्हणजे ॲकॉर्डियनचा. गळ्यात अडकवून, दोन्ही हातांनी ताणत-दाबत वाजवायचं ते वाद्य. राज कपूरच्या सिनेमांत बघितलं असेलच. पेटी आणि ॲकॉर्डियन दिसायला वेगळे असले तरी दोघांच्याही पोटात एकच गोष्ट आहे, एक छोटीशी पितळी किंवा पोलादी जीभ.

ही जीभ म्हणजे काय? धातूच्या एका पट्टीत खाच पाडायची आणि त्या खाचेवर पातळ धातूची जीभ एका टोकाला पक्की बसवायची. दुसरं टोक मोकळं. हवेचा झोत आला की मोकळं टोक खाचेत आत-बाहेर थरथरतं आणि सूर निघतो. आपल्याकडचे पेटीवाले तिला सरळ 'सूर'च म्हणतात. बासरीत सूर नळीच्या लांबीवर ठरतो, इथे तो जिभेवरच ठरतो. टोकाकडून किंचित घासली की सूर चढतो, बुडाकडून घासली की उतरतो. नळ्यांची गरज नाही, म्हणून चर्चमधल्या भिंतीएवढ्या ऑर्गनचं काम एका खोक्यात मावतं. सगळी क्रांती या एका गोष्टीत आहे.

कल्पना मूळची आशियाची. चीनमध्ये 'शेंग' नावाचं तोंडाने वाजवायचं वाद्य फार प्राचीन आहे आणि त्यात अशाच जिभा असतात. अमियो नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १७७७ साली चीनहून पॅरिसला काही शेंग पाठवले. त्याच सुमारास क्रात्झेनश्टाइन नावाचा शास्त्रज्ञ माणसासारखे स्वर काढणारं यंत्र बनवताना अशाच जिभा वापरत होता. नंतरची पन्नास वर्षं युरोपभर नुसती खटपट चालू होती. १८२९ साली व्हिएन्नाच्या सिरिल डेमियानने 'ॲकॉर्डियन' नावाने पेटंट घेतलं. त्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स व्हीटस्टनने याच जातीच्या एका वाद्याचं पेटंट घेतलं. आणि १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांद्र दबेनने पायाने भाता मारायच्या पेटीला 'हार्मोनियम' हे नाव दिलं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर इंजिन एकच, त्यावर प्रत्येकाने आपापला इंटरफेस चढवला.

मग आले कारखाने. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात होनरने १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली, इटलीतल्या कास्तेलफिदार्दोमध्ये १८६३ मध्ये पाओलो सोप्रानीने ॲकॉर्डियनचं काम सुरू केलं. वाद्यं हजारांनी निघू लागली, स्वस्त झाली आणि जहाजांवर चढली.

ती उतरली कुठे कुठे ते बघा. जर्मनीत हाइनरिश बांडच्या नावावरून ओळखला जाणारा बांदोनेऑन अर्जेंटिनाला गेला आणि ब्वेनोस आयरेसच्या गरीब वस्त्यांत टँगोचा आवाज झाला. इतका की आज टँगो म्हटलं की बांदोनेऑन आणि बांदोनेऑन म्हटलं की आस्तोर पियाझोला (१९२१-१९९२). टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक शेतकऱ्यांनी आणलेलं ॲकॉर्डियन शेजारच्या मेक्सिकन मजुरांनी उचललं, त्यांच्या गाण्यांखाली आजही युरोपातला पोल्का नाच ऐकू येतो. लुइझियानात ते काळ्या फ्रेंचभाषक लोकांच्या 'झायडेको'त शिरलं. ब्राझीलमध्ये लुईझ गोन्झागाने ते दुष्काळी ईशान्य भागाच्या गाण्यांचं वाद्य केलं. आफ्रिकेतल्या लेसोथोचे पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत कामाला जात; त्यांच्या 'फामो' संगीतात मध्यभागी ॲकॉर्डियनच. आणि कोलंबियात 'वायेनातो' तयार झालं. गावोगाव फिरणारा गवई गळ्यात ॲकॉर्डियन अडकवून बातम्या, भांडणं, प्रेमप्रकरणं गाऊन सांगायचा. त्यात दोन गवयांची जुंपायचीसुद्धा, अगदी आपल्याकडच्या सवाल-जवाबासारखी! वायेदुपार गावात १९६८ पासून त्याचा मोठा उत्सव भरतो.

या यादीत एक समान धागा दिसतोय का? यातला कुणीही राजदरबारी कलावंत नाही. खाणकामगार, शेतमजूर, गोदीतले हमाल, पोटासाठी गाव सोडलेली माणसं. त्यांना हवं होतं असं वाद्य जे एकट्याने वाजवता येईल, नाचणाऱ्यांच्या गलक्यात ऐकू जाईल, ऊनपावसात सारखं उतरणार नाही आणि शिकायला दहा वर्षं घेणार नाही. ॲकॉर्डियन या चारही अटींत बसलं. आणि जिथे जिथे ते गेलं तिथे तिथे वरच्या थरातल्या लोकांनी आधी नाक मुरडलं. टँगोही आधी हलका ठरला आणि वायेनातोही. दोघांचं कौतुक नंतर झालं. युनेस्कोने टँगोला २००९ मध्ये आणि वायेनातोला २०१५ मध्ये आपल्या याद्यांमध्ये घेतलं.

नुकसान झालंच नाही असं मात्र नाही. युरोपातल्या कितीतरी खेड्यांत पूर्वी मशकीची बॅगपाइप वाजायची, गावठी फिडल वाजायची. या वाद्यांचे सूर गावागणिक थोडे वेगळे असत. कारखान्यातून आलेला तयार सूर बसला आणि ते बारीक फरक बुजत गेले. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे या. ॲकॉर्डियन भारतात आलं, पण भजनाला बसलं नाही. का? एकतर आपण जमिनीवर मांडी घालून गातो-वाजवतो. दुसरं म्हणजे ॲकॉर्डियनचा डावा हात कॉर्डसाठी राखीव, त्याचं नावच त्यावरून पडलेलं. आपल्या संगीतात कॉर्ड नाहीत, मग त्या डाव्या हाताने करायचं काय? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८८० च्या दशकात याचं उत्तर काढलं. साहेबाच्या पायपेटीचे पाय त्यांनी काढून टाकले, भाता मागे लावला, डाव्या हाताने भाता आणि उजव्या हाताने पट्ट्या अशी वाटणी केली. त्यांच्या 'द्वारकिन' कंपनीची ही हातपेटी बघता बघता देशभर गेली. डाव्या हाताला काम मिळालं, माणूस जमिनीवर बसला, तोंड गाण्यासाठी मोकळं राहिलं. याला म्हणायचं लोकलायझेशन!

महाराष्ट्रात तर तिच्यासाठी मांडव घालूनच ठेवलेला होता. ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं वेड लागलं. नाटकाला मोठा, ठाम आवाज हवा, ऑर्गन आणि पेटीने तो दिला. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी पेटीवर असं प्रभुत्व मिळवलं की साथीचं वाद्य मैफलीचं झालं. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच. नाटक गावोगाव गेलं तशी पेटीही गेली. मुंबईच्या गिरणगावात कोकणी चाकरमान्यांची डबलबारी भजनं पेटीवर रंगली, संगीत बारीत ढोलकी-तबल्याशेजारी पेटीमास्तर बसला. पेटीवाल्यांच्या बोलण्यात 'पॅरिस सूर' आणि 'जर्मन सूर' हे शब्द आले. पुढे गुजरातेतल्या पालिताण्यात देशी सूर बनू लागले.

आणि नुकसान? इथेही झालं. साथीला आधी सारंगी असायची. सारंगी गळ्यासारखी घसरते, एका सुरातून दुसऱ्यात वितळत जाते. ती शिकायला आयुष्य लागतं. पेटी भजनापुरती दोन-चार महिन्यांत येते. पिढ्यान्‌पिढ्या सारंगी वाजवणाऱ्या घराण्यांची रोजी या फरकाने हिरावून नेली. ही गोष्ट पेटीच्या कौतुकात झाकून चालणार नाही.

शिवाय सुराचं गणित. पेटीत एका सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. षड्ज २४० हर्ट्झ धरा. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार पाचास चार या प्रमाणात, म्हणजे बरोबर ३०० वर येतो. पेटीचा गंधार येतो ३०२.४ वर. फरक दिसायला चिमूटभर, पण शांत मैफलीत तो कानाला टोचतो. पुन्हा पेटी एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर उडी मारते, मधली वाट तिला नाहीच. आम्ही लोक ज्याला ॲनालॉग आणि डिजिटल म्हणतो ना, तोच हा फरक. त्यामुळे पेटीवरची टीका नुसता सोवळेपणा होता असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातल्या सुरांचा अभ्यास करून १९१० च्या आसपास श्रुतींची पेटी बनवण्याचा घाट घातला होता. आपल्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी करून दाखवली. म्हणजे दोष मान्य करून दुरुस्त करणारे लोक शंभर वर्षांपूर्वीही होते आणि आजही आहेत.

पण सरकारने दुरुस्तीचा मार्ग धरला नाही, बंदीचा धरला. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नकोशी होती आणि तसं त्यांनी कलकत्ता केंद्राला कळवलं होतं. मार्च १९४० मध्ये लायोनेल फील्डन प्रमुख असताना रेडिओवरून पेटी हद्दपार झाली. म्हणजे भारतीय संगीत शुद्ध ठेवण्यासाठी इंग्रज साहेबाने युरोपियन वाद्यावर बंदी घातली! स्वातंत्र्य आलं तरी बंदी उठली नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्यांकडे होतं. त्यांनी बंदी चालू ठेवलीच, वर सिनेमाच्या गाण्यांनाही आकाशवाणीवरून कात्री लावली. पेटी उत्तम वाजवणारे पु. ल. देशपांडे याच पन्नासच्या दशकात आकाशवाणीच्या नोकरीत होते. पुलं स्टुडिओत चालतात, पण त्यांची पेटी नाही, असा तो न्याय.

या बंदीची किंमत एका माणसावरून कळते. जालन्याजवळच्या एका खेड्यातून आलेले, गरीब घरातले अप्पा जळगावकर (१९२२-२००९). मराठवाड्याच्या मातीतून निघालेला हा माणूस पुढे देशातल्या मोठमोठ्या गवयांचा साथीदार झाला. बंदी आली तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते. १९७१ मध्ये साथीपुरती ती सैल झाली तेव्हा ते ४९ वर्षांचे. (एकलवादनावरचं बंधन तर त्यानंतरही बरीच वर्षं राहिलं.) कलावंताच्या उमेदीची वर्षं म्हणतात ती हीच. मैफलीत ज्याच्यावाचून चालत नाही त्याला रेडिओच्या दारात मात्र प्रवेश नाही. एकतीस वर्षं.

आणि या काळात ॲकॉर्डियन काय करत होतं? ते मुंबईत मजेत होतं! शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदात त्याची चंगळ होती. वादक होते पारशी, गोव्याचे ख्रिश्चन... ज्यांच्या घरात पाश्चात्त्य वाद्यं आधीपासून होती ते. गुडी सीरवाई यांचं नाव वादकांमध्ये आदराने घेतलं जायचं. 'रूप तेरा मस्ताना'मधलं ते अंगावर येणारं ॲकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचं. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या नुसत्या ॲकॉर्डियनवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घराघरांत होत्या. आकाशवाणीने सिनेमाची गाणी रोखली म्हणून लोकांनी काय गाणी ऐकायचं सोडलं? त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. १९५२ च्या शेवटी तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीला गाण्यांसाठी पुन्हा दार उघडावं लागलं. दिल्लीने अडवलेला व्हिएन्नाचा सूर कोलंबोमार्गे घरी पोचला, असा हा वळसा.

हे सगळं आमच्या अहमदपूरशी कसं जोडलं जातं? तर असं. आज अहमदपूर लातूर जिल्ह्यात आहे, पण लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत वर निजाम. म्हणजे मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू सगळ्या एकाच बाजारात बोलल्या जायच्या. अशा गावात धर्म वेगळे, देव वेगळे, चाली वेगळ्या. पण रात्री कान देऊन फिरलात तर एक गोष्ट समान.

विठ्ठलाच्या देवळात एकादशीला भजन उभं राहतं, टाळ-मृदंग जुना, त्याला जोडून पेटी. लिंगायतांच्या शिवनाम सप्ताहात मन्मथस्वामींचे अभंग चालतात, तिथे पेटी. दर्ग्यात उरुसाला कव्वाल बसतो, त्याच्या मांडीपुढे पेटी. १४ एप्रिलला भीमगीतं होतात. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांनी ज्या गाण्याला घराघरात नेलं त्या गाण्याच्या मुळाशी पेटी-ढोलकी. आणि तास-दीड तासावर नांदेडला जा, हुजूर साहिबमध्ये रागी कीर्तन करताना पुढे पेटीच. एकाच पंक्तीला जेवायला न बसणारी माणसं इतिहासात एका वाद्याभोवती मात्र बसली. वेगवेगळी बसली, हेही तितकंच खरं. पेटीने जाती मोडल्या असा दावा मी करणार नाही. तिने एवढंच केलं, की कुणाकडे पिढीजात उस्ताद नसला, घराणं नसलं, गुरूला द्यायला दक्षिणा नसली तरी त्याला गाण्याचा आधार मिळाला. वर्गणी काढून एक पेटी घेतली की गावाचं भजनी मंडळ उभं राहतं. सारंगीला ते शक्य नव्हतं.

मला वाटतं सगळा वाद इथे येऊन थांबतो. तो सुराचा असतो तेव्हा शुद्धतावाद्यांची बाजू खरी असते, ३०० आणि ३०२.४ मध्ये फरक आहेच. पण वाद नुसता सुराचा कधीच नसतो. गायला कुणी बसायचं, हा प्रश्न त्याच्या पाठीमागे उभा असतो. ब्वेनोस आयरेसच्या वस्तीत, लेसोथोच्या खाणकामगारांत आणि अहमदपूरच्या देवळात या पितळी जिभेने त्या प्रश्नाचं एकच उत्तर दिलं: ज्याला बसायचंय तो.

वाद अजून संपलेला नाही बरं का. २०२२ साली अकाल तख्ताच्या जथेदारांनी अमृतसरच्या सुवर्णमंदिरातून पेटी टप्प्याटप्प्याने काढून तीन वर्षांत तंतुवाद्यांवरच कीर्तन व्हावं अशी सूचना केली. कारण पेटी ही इंग्रजांच्या काळात आलेली. रबाब, सारंदा, दिलरुबा ही गुरूंच्या परंपरेतली वाद्यं पुन्हा ऐकू यावीत ही इच्छा मला मनापासून पटते. जे वाद्य मागे पडलं ते परत शिकवणं हे मोठंच काम आहे. फक्त त्यासाठी दुसरं वाद्य काढून टाकायलाच हवं का? एकतीस वर्षांच्या रेडिओबंदीने सारंगीची घसरण थांबल्याचं दिसत नाही. सारंगी टिकवायची तर सारंगी शिकणाऱ्या पोराला पोटापुरते पैसे द्यायला हवेत. बंदीत तो खर्च वाचतो, म्हणून सरकारं बंदी घालतात.

आता आमच्याकडं भजनात पेटीशेजारी कीबोर्ड दिसायला लागलाय, तानपुरा तर मोबाइलमध्येच असतो. जुनी मंडळी कुरकुर करतात, "त्या प्लॅस्टिकच्या डब्यात जीव नाही." शंभर वर्षांपूर्वी सारंगिये पेटीबद्दल हेच म्हणत असणार, आणि त्यांचंही चूक नव्हतं. पोरगं कीबोर्डवर पट्टी शोधतं आणि म्हाताऱ्या बुवांना विचारतं, "बाबा, कुठल्या पट्टीत धरू?" बुवा डोळे मिटूनच सांगतात, "काळी चार."

असो. बराच लांबला आजचा लेख. तुमच्या गावात पेटी आधी कुठे आली, देवळात, दर्ग्यात, नाटकाच्या थेटरात की शाळेत? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून बघा. आणि हो, त्यांची पट्टी कोणती तेही विचारा.